घरांत उरलेल्या जिनसा आणि दात्यांनीं त्यांस द्यावयाची जोड

मराठवाड्यांत पाऊस चुकला कीं प्रथम चूल विझते, असा बाहेरच्यांचा समज आहे. वस्तुतः चूल पुष्कळ दिवस पेटत राहते. तिच्यावर चढणारे पदार्थ मात्र एकेक करून कमी होतात. आधीं तेल जातें, मग डाळ, मग भाजी, आणि अखेरीस भाकरी व मीठ एवढेंच उरतें. छत्रपति संभाजीनगर व आसपासच्या तालुक्यांतील उदार व्यापारी, जमीनदार व इतर सज्जनांपुढें मदतीची याचना करतांना हा क्रम प्रथम सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण जें घरांत आहे त्याचींच पोतीं आणखी पाठविलीं आणि जें सरलें आहे तें तसेंच राहिलें, तर द्रव्य खर्च होऊनहि उणीव भरून निघत नाहीं.

आज बहुतेक गरीब घरांत कांहीं तरी धान्य असतें. अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्यान्वयें प्राधान्य कुटुंबांस माणशीं दरमहा ५ किलो धान्य मिळतें, व तें २०२३ पासून विनामूल्य आहे. ही मोठीच सोय होय. परंतु ५ किलोंचा हिशेब दररोज माणशीं सुमारें १६७ ग्रॅम पडतो, आणि तेवढ्यानें कष्ट करणाऱ्या माणसाची उष्मांकाची गरज पाव हिश्शानेंहि भागत नाहीं. १८७७ मध्यें सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामांवरील मजुरांस दिवसाकाठीं १ पौंड, म्हणजे सुमारें ४५० ग्रॅम धान्याच्या हिशेबानें मजुरी ठरविली, तेव्हां मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं ती अपुरी म्हणून कडक हरकत घेतली होती. तेव्हां शिधापत्रिका आहे म्हणजे घर सुरक्षित आहे, असें कोणीहि समजूं नये.

दुसरी गोष्ट अशी कीं, आलेलें धान्य घरच्या रीतीस जुळलें पाहिजे. १९७२ च्या दुष्काळांत अमेरिकेंतून मिलो नांवाची तांबडी ज्वारी आली. ती खाऊन लोक जगले, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे; पण तिची भाकरी थापतांना चिरते व तिला चव नाहीं, असें म्हणणारे वृद्ध अजून भेटतात. ज्वारीच्या पिठांत गव्हाच्या कणकेचा चिवटपणा मुळांतच नसतो. उकळतें पाणी घातल्यानें पिठांतील पिष्ट फुलतें व तेंच पीठ धरून ठेवतें. म्हणून हट्टी पिठाची आधीं उकड घ्यावी, किंवा भाकरीचा नाद सोडून दाणे भरडावे व कण्या शिजवाव्या. ताक असेल तर पिठाची आंबील करावी. त्याच दुष्काळांत कामांवर वाटलेली सुकडी लोकांनीं आपलीशी केली, कारण तींत गूळ होता, आणि ती खावयास चूल पेटवावी लागत नसे.

घरांत काय आहे तें पाहून स्वयंपाक करण्याची विद्या आमच्या सुगृहिणींस कोणीं शिकवावी लागत नाहीं. दात्यांस मात्र ती ठाऊक असावी, म्हणून येथें थोडा विस्तार करतों. शिळी भाकरी कुस्करून तिला कांदा व मिरचीची फोडणी दिली म्हणजे दुसरे दिवशींची न्याहारी होते. अंबाडीचा पाला ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजविला कीं थोड्या धान्यांत पातेलें भरतें, व आंबटपणामुळें तें गोडहि लागतें. कुळिथाचें पीठ असेल तर शेंगोळे किंवा माडगें करतां येतें. थोडें बेसन, थोडी कणीक व ज्वारीचें पीठ अशीं तीन डब्यांच्या तळाचीं पिठें एकत्र केलीं कीं धपाटे होतात. आणि ज्याला आम्ही मराठवाड्याचें खरें दुष्काळी शहाणपण म्हणूं, तें येसर. ज्वारी, बाजरी, गहूं, हरभऱ्याची डाळ व मसाला भाजून दळून ठेवलेलें हें पीठ महिनोन्‌महिने टिकतें. घरांत डाळीचा दाणा नसला तरी मूठभर येसरावर सबंध कुटुंबाची आमटी होते. हल्लीं शहरांतील मंडळी येसर हौसेनें विकत घेतात, याचें आम्हांस कौतुकच वाटतें. पण तें मुळांत हौसेसाठीं निघालेलें नाहीं.

बांधावरचा पाला हा याच भांडाराचा भाग समजावा. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुरडू, शेवग्याचा पाला, हीं पानें पैशावांचून मिळतात. मात्र पाऊस अगदींच गेला तर बांधहि उघडा पडतो, आणि मग शेवगा व हदगा यांचाच काय तो आधार राहतो. ज्या जमीनदारांच्या विहिरीजवळ अशीं झाडें आहेत, त्यांनीं पाला तोडण्यास मोकळीक द्यावी. हें दान फुकटाचें आहे, व त्याचें मोल रोख रकमेहून कमी नाहीं.

डाळीविषयीं आमचा आग्रह विशेष आहे. ज्वारींत जें एक अवश्य प्रथिनद्रव्य अपुरें असतें तें डाळींत भरपूर असतें. दोन्ही रोजच्या आहारांत आलीं म्हणजे शरीरास त्यांचा पुरा लाभ होतो. केवळ ज्वारीवर राहणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा नांवाचा कातडीचा व बुद्धिभ्रमाचा रोग आढळत असे, व त्याचा अभ्यास हैदराबादच्या पोषण संस्थेंत डॉ. गोपालन यांनीं १९६० च्या दशकांत केला. अखंड हरभरा, मूग किंवा मटकी दिल्यास आणखी एक लाभ होतो. भिजवून मोड आणले म्हणजे कोरड्या दाण्यांत नसलेलें क जीवनसत्त्व त्यांत उत्पन्न होतें, व भाजी न मिळणाऱ्या घरांत हिरड्यांतून रक्त येण्याची व्याधि टळते. म्हणून डाळीबरोबर अखंड कडधान्यहि पाठवावें.

दोन धोके सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लाखेची डाळ स्वस्त पडते व अवर्षणांतहि पिकते. पण महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय कायमचे लुळे पडतात. कोणत्याहि दात्यानें ती आमच्याकडे पाठवूं नये. दुसरें, जुन्या पेवांतील ज्वारी देणाऱ्यांनीं पेव उघडल्याबरोबर आंत माणूस उतरवूं नये. आंतील हवा कोंदून प्राणघातक झालेली असते. तें बराच वेळ उघडें ठेवून, हवा खेळती झाल्याची खातरी करूनच उतरावें. पेवांतील दाण्यास कुबट वास येतो. धुऊन कडक उन्हांत वाळविल्यावर तो कमी होतो, परंतु बुरशी धरलेला दाणा जनावरांसहि घालूं नये.

पाणी व सरपण हीहि स्वयंपाकाचीच सामग्री आहे, हें आपण विसरतों. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. असल्या दिवसांत जी वस्तु शिजावयास दोन तास व हंडाभर पाणी लागतें ती घरांत असून नसल्यासारखीच. तूर किंवा हरभरा अखंड देण्याऐवजीं भरडून डाळ करून दिली तर तीच वस्तु निम्म्या जळणांत शिजते. मोड आणण्यापुरते मूग व मटकी अखंड असावे. आमची मोंढ्यांतील व्यापाऱ्यांस विनंति आहे कीं, भरडाई त्यांनीं आपल्याकडून करून द्यावी.

आतां मागणें स्पष्ट मांडतों. गहूं व तांदूळ यांपेक्षां आम्हांस तूरडाळ, मूग, मटकी, गोडें तेल, मीठ, लाल मिरची, गूळ व शेंगदाणे अधिक हवे आहेत. ज्वारी देणाऱ्यांनीं तिच्याबरोबर दळणावळहि द्यावी. घरांत पायलीभर ज्वारी असून गिरणीवाल्यास देण्यापुरते पैसे नाहींत, म्हणून दाणे भाजून मुलांच्या हातावर ठेवावे लागतात, अशीं घरें दुष्काळांत थोडीं नसतात. गांवच्या गिरणीमालकानें आठवड्यांतून एक दिवस शिधापत्रिकाधारकांचें दळण फुकट दळून देण्याचें पतकरलें, तर तीहि आमच्या यादींत देणगी म्हणून नोंदली जाईल.