भिंगावरील बुरशी

पावसाळ्यात जपून ठेवलेला कॅमेरा दिवाळीस बाहेर काढावा, तो भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसावेत, असा अनुभव कोकणापासून बंगालपर्यंत अनेकांस येतो. ही बुरशी होय. तिचे बीजकण हवेतच असतात. धूळ किंवा बोटांचा तेलकट ठसा एवढे अन्न त्यांस पुरते. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांहून अधिक राहिली की ते रुजतात. बुरशीतून स्रवणारी आम्ले भिंगावरील लेप व पुढे काचही कोरतात. मग पुसूनही डाग जात नाही. म्हणून ओल धरणाऱ्या चामडी वेष्टनात कॅमेरा ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. ते ओलावल्यास तापवून पुन्हा कोरडे करावे. कॅमेरा अधूनमधून वापरावाही. खेळती, कोरडी हवा बुरशीस मानवत नाही.