अ‍ॅडमिशन घेण्याआधी वॉर्ड बघून या

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात फ्लेक्स उगवतात. एसटी स्टँडच्या आजूबाजूला, सात रस्त्यावर, अगदी रिक्षाच्या पाठीवरसुद्धा. पांढऱ्या गणवेशातली हसरी मुलगी, गळ्यात स्टेथोस्कोप, खाली मोठ्या अक्षरात 'नर्सिंग प्रवेश सुरू' आणि त्याहून मोठ्या अक्षरात 'नोकरीची हमी'. तुम्ही किंवा तुमची धाकटी बहीण सध्या यातला एखादा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून बसला असाल, तर फोन करायच्या आधी एवढं वाचा.

नर्स कोणाला म्हणायचं, याचं उत्तर रोखठोक आहे. जिचं किंवा ज्याचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आहे, ती नर्स. आपल्याकडे ते रजिस्टर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असतं. बारावीनंतर तिथपर्यंत नेणारे रस्ते तीनच. पहिला एएनएम: २ वर्षांचा, फक्त मुलींसाठी, बारावी कुठल्याही शाखेची चालते. दुसरा जीएनएम: ३ वर्षांचा, मुलगे-मुली दोघांसाठी. इथंही आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना दार उघडं आहे, पण बारावीला ४० टक्के आणि इंग्रजी पास हवं. तिसरा बी.एस्सी. नर्सिंग, ४ वर्षांची पदवी. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या दोन कोर्सची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, पदवीची परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. प्रवेशाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या सिनियरने काय केलं त्यावर जाऊ नका. चालू वर्षाची माहितीपुस्तिका काढून वाचा.

मग फ्लेक्सवरचे ते ६ महिन्यांचे, १ वर्षाचे 'नर्सिंग डिप्लोमे' काय असतात? त्यातले काही रुग्णसहायकाचे कोर्स असतात आणि ते काम वाईट आहे असं अजिबात नाही. आजारी माणसाला कूस बदलून देणं, अंघोळ घालणं, भरवणं, याला कौशल्य लागतं आणि मागणीही आहे. पण त्या सर्टिफिकेटवर कौन्सिल नोंदणी करत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीने असाच वर्षाचा कोर्स केला. सर्टिफिकेट लॅमिनेट करून कपाटात आहे. एका खासगी दवाखान्यात ती सलाइन लावण्यापासून सगळं करते, पगार मात्र झाडलोट करणाऱ्या मावशींच्या आसपास. सरकारी भरतीची जाहिरात आली की नोंदणी क्रमांकाच्या रकान्यापाशी तिचा फॉर्म अडतो. आता बारावीनंतरची ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून काढायची, तर घरचे लग्नाचं बोलतायत.

म्हणून संस्थेत गेल्यावर 'मान्यता आहे का' असं विचारू नका. 'आहे' हेच उत्तर मिळणार. 'कोणाची, कुठल्या कोर्सला, कुठल्या वर्षासाठी आणि किती जागांना' असं विचारा आणि कागद बघायला मागा. एएनएमची मान्यता असलेल्या ठिकाणी जीएनएमलाही मान्यता असेलच असं नाही. सोसायटी नोंदणीचं सर्टिफिकेट किंवा आयएसओचं चिन्ह म्हणजे कौन्सिलची मान्यता नव्हे. घरी येऊन राज्य कौन्सिल आणि दिल्लीची भारतीय नर्सिंग कौन्सिल, दोन्हींच्या यादीत संस्थेचं नाव शोधा. (२०२३ मध्ये संसदेने नर्सिंगसाठी नवीन राष्ट्रीय आयोगाचा कायदा केलाय, त्यामुळे पुढेमागे कौन्सिलच्या जागी आयोग दिसला तर गोंधळू नका.)

एवढं जमलं तरी निम्मंच काम झालं. खरा फरक पडतो तो हॉस्पिटलमुळे, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. आपण बिल्डिंग बघतो, कॉम्प्युटर लॅब बघतो, हॉस्टेलचं संडास-बाथरूम बघतो (ते बघाच!). पण नर्सिंग शिकायची जागा वर्ग नाही, वॉर्ड आहे. कौन्सिलच्या निकषाप्रमाणे वॉर्डात एका विद्यार्थिनीमागे ३ रुग्ण हवेत आणि दहा विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक. ४० जणांची बॅच, ३ वर्षं, म्हणजे १२० विद्यार्थी. सगळे एकाच वेळी वॉर्डात नसतात हे धरलं, तरी ३० खाटांच्या हॉस्पिटलच्या जिवावर ही शाळा कशी चालेल, याचा हिशोब तुम्हीच करा. आणि खाटा मोजताना मंजूर किती हे नाही, भरलेल्या किती ते बघा.

स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसेल तर संस्था सांगते, 'आमची मुलं सिव्हिलला जातात.' हे ऐकायला भारी वाटतं. सिव्हिल म्हणजे आपलं श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. शिकायला याच्यापेक्षा मोठी जागा जिल्ह्यात नाही. धाराशिवपासून कर्नाटकातल्या विजयपूर, कलबुर्गीपर्यंतचे पेशंट इथं येतात. पण पुढचा प्रश्न विचारा: आठवड्यातले किती दिवस जातात? सोबत संस्थेची टीचर असते का, की वॉर्डातल्या सिस्टरच्या गळ्यात बांधून देतात? त्याच वॉर्डात अजून किती संस्थांची मुलं असतात? केस बुकात ठरावीक बाळंतपणं स्वतः केल्याची नोंद करावी लागते. लेबर रूममध्ये एका बाईभोवती दहाजणी माना उंचावून उभ्या असतील, तर ते बाळंतपण नक्की कुणी केलं?

हे सगळं प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये कळणार नाही. सकाळी ड्युटी सुरू व्हायच्या वेळी हॉस्पिटलच्या गेटपाशी उभे राहा. युनिफॉर्ममधल्या मुली येतील. दुसऱ्या वर्षाची एखादी गाठा, चहा पाजा आणि विचारा. पहिल्या वर्षाची अजून नवलाईत असते, तिसरीला घाई असते. दुसरी खरं बोलते.

एक गोष्ट मात्र सोलापूरकर म्हणून तुमच्या बाजूची आहे. पूर्व भागातल्या आजी तेलुगूत कण्हतात, अक्कलकोटकडचे आजोबा कानडीत दुखणं सांगतात, कुणी दखनी हिंदीत. आपल्या गल्लीत खेळता खेळता यातलं थोडंफार आपल्याला येतंच. पुस्तकातलं इंग्रजी मागून सुधारता येतं, पण 'एक्कड नोप्पी?' हे विचारता येणारी नर्स पेशंटला लगेच आपली वाटते.

तिघांतलं निवडायचं कोणतं? गावातल्या उपकेंद्रात काम करायचं असेल, लवकर कमावतं व्हायचं असेल तर एएनएम. सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं आणि ते चालतं मुख्यतः एएनएमच्या जिवावर. हॉस्पिटलमध्ये अधिपरिचारिका व्हायचं तर जीएनएम किंवा पदवी. 'एम्स'च्या भरतीत बी.एस्सी.वाल्याला थेट बसता येतं, जीएनएमवाल्याला आधी किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला २ वर्षांचा अनुभव लागतो. सायन्स असेल आणि घरची थोडी तयारी असेल, तर माझं मत सरळ पदवीच्या बाजूने. नसेल तर जीएनएम करून, नोंदणी करून, पुढे २ वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. त्यामुळे आर्ट्स घेतलं म्हणून रडत बसू नका. आणि मुलांनो, जीएनएमला तुम्हीही जाऊ शकता. मित्र हसतील, पहिला पगार होईपर्यंत.

आता पैसे. ट्यूशन फी एवढीच नसते. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, प्रवास, परीक्षा फी, 'डेव्हलपमेंट'च्या नावाखालचं काहीतरी, सगळ्या वर्षांचं मिळून लेखी घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. आपला कोर्स त्यात बसतो का, हे महाडीबीटीवर आधीच तपासा. 'सीट संपत आल्यात, आजच भरून टाका' म्हणणाऱ्याच्या नादात सवलत गमावू नका.

आणि आई विडी वळत असेल तर तिचं विडी कामगारांचं कार्ड शोधून ठेवा. केंद्राच्या कामगार मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो. कार्डावरचं आईचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का, ते आजच बघा. स्पेलिंग वेगळं असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो आणि अर्जाची तारीख थांबत नाही.