शब्दांचा सदरा कसा जोखावा?

संगणकाच्या काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे उमटली आहेत अशी कल्पना करा. ‘तुम्ही बाजारात उभे आहात. समोर खुंटीला एक निळा सदरा टांगलेला आहे.’ चित्र नाही, आवाज नाही. तुम्ही टंकता, ‘सदरा पाहा’. उत्तर येते, ‘कापड बरे दिसते. किंमत ३० मोहरा.’ आता सदरा घ्यावा की नाही?

हे खेळ तसे जुने आहेत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, फासे आणि कल्पनाशक्ती यांवर चालणारा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येकाने योद्धा, मांत्रिक अशी एखादी भूमिका घ्यायची असते. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांना एकाच वेळी खेळता येईल असा शब्दांचा खेळ संगणकावर रचला आणि पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. त्याचे नाव ‘मड’. त्याचे वंशज आजही खेळले जातात.

असा खेळ आपणच रचू. संगणकाला सदऱ्याचा स्पर्श कळत नाही. त्याच्याजवळ असतो एक आकडा. समजा, २० पैकी १२. हा आकडा खेळाडूपासून लपवायचा आणि त्याला केवळ शब्द दाखवायचा : ८ पर्यंत ‘भरड’, ९ ते ११ ‘बरे’, १२ ते १५ ‘चांगले’, त्यापुढे ‘उत्तम’. पण नवशिक्याला अचूक पारख कशी असेल? म्हणून एक तांबडा आणि एक निळा फासा टाकायचा. तांबड्यावरचे दान १२ मध्ये मिळवायचे आणि निळ्यावरचे वजा करायचे. उत्तर ७ पासून १७ पर्यंत काहीही येईल.

दोन फाशांची ३६ दाने मांडून पाहा. त्यांपैकी १८ दानांत ‘चांगले’ हे खरे उत्तर मिळते, १२ दानांत ‘बरे’, ३ दानांत ‘भरड’ आणि ३ दानांत ‘उत्तम’. म्हणजे नवशिका निम्म्या वेळा चुकतो! मुरलेल्या व्यापाऱ्यासाठी फाशांऐवजी एक नाणे उडवा : छापा पडला तर अधिक १, काटा पडला तर उणे १. त्याची चूक लहान. पण गंमत अशी की, १२ चे ११ झाले तर ‘चांगले’चे ‘बरे’ होते. सदरा सीमेवरचा असला की मुरलेलाही फसतो.

आता एखादा चलाख खेळाडू काय करील? ‘सदरा पाहा’ ही आज्ञा तो २५ वेळा देईल आणि कोणता शब्द सर्वांत जास्त वेळा आला ते मोजील. प्रयोगशाळेत आपण अनेक वाचने घेऊन सरासरी काढतो ती याचसाठी. २५ वाचनांच्या सरासरीत यादृच्छिक त्रुटी साधारण एकपंचमांश उरते. खेळ रचणाऱ्याने हे भोक बुजवायचे असेल तर उपाय सोपा आहे. एका खेळाडूसाठी एका सदऱ्यावर फासे एकदाच टाकायचे आणि ती त्रुटी नोंदवून ठेवायची. मग शंभरदा विचारले तरी उत्तर तेच! ताणकाट्याचा काटा मुळातच २ ग्रॅमवर अडकला असेल तर हजार वाचनांनीही ते २ ग्रॅम जात नाहीत, तसेच हे. इथे दुसऱ्या खेळाडूला विचारावे लागते.

हे सारे वर्गात शिकवूनही मी फसलो. मुलीच्या गणवेशाचे कापड घेताना दुकानदाराला तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा ‘एक नंबर, साहेब’ हे उत्तर ऐकून समाधानाने घरी आलो. पहिल्याच धुण्यात कापडाची खळ निघून गेली आणि हाती जाळी उरली. शाळा सुरू व्हायला दोन दिवस होते आणि दुसऱ्या कापडाला पैसे नव्हते. मुलीने वर्षभर तोच गणवेश आत सदरा घालून वापरला.

माझे आजोबा मुंबईला गिरणीत साचे चालवीत. ते कापडावर भिंग धरून इंचातले धागे मोजत. ४० नंबरी सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या ४० लड्या. असे १ किलोमीटर सूत सुमारे १४.८ ग्रॅम भरते. इंचात ८० उभे आणि ८० आडवे धागे असतील तर १ चौरस मीटर कापडात सुमारे ६,३०० मीटर सूत लागेल. वजन सुमारे ९३ ग्रॅम. धागे एकमेकांवरून वळसे घेत जातात म्हणून थोडे अधिक, १०० च्या आसपास धरा. ते १३० भरले तर वरचे बहुतेक खळीचे! हा हिशेब मला दुकानात आठवला नाही.

येथवर प्रश्न दर्जाचा होता. पण खेळात ‘हा वेष मला शोभतो का?’ असेही विचारता येते आणि नवे रचनाकार तिथेही सदऱ्याला एक आकडा चिकटवतात. हे मला पटत नाही. जाड घोंगडी लग्नमंडपात हास्यास्पद ठरेल. भर पावसात माळावर मेंढपाळाच्या खांद्यावर तिच्याइतके शोभून दिसणारे दुसरे वस्त्र नाही. घोंगडीचा दर्जा दोन्हीकडे सारखाच. तेव्हा शोभेसाठी एक आकडा पुरत नाही, कोष्टक हवे : वस्त्र कोणते, जागा कोणती, पाहणारा कोण. दर्जाबद्दल दोन पारख्यांची उत्तरे निराळी आली तर निदान एकाची चूक आहे. शोभेबद्दल आली तर कदाचित कोणाचीच नाही, आणि त्यांची सरासरी काढणेही निरर्थक.

घरातला एखादा सुती हातरुमाल घ्या. त्याचे क्षेत्रफळ काढा, धुण्यापूर्वी आणि धुऊन वाळवल्यावर तो सोनाराच्या काट्यावर तोला. भिंगाखाली एका इंचातले उभे-आडवे धागे मोजा. मग दोन फासे आणि चार मित्र जमवून त्याच रुमालाला खेळात कोणता आकडा द्यायचा ते ठरवा. वाद झालाच तर तो दर्जाचा आहे की शोभेचा, हे आधी पाहा.