‘आमच्याकडे एकही केस बिघडली नाही’ : छोट्या नर्सिंग होमची गुणवत्ता मोजायची कशी?

मागच्या महिन्यात अमडापूरच्या एका काकूंचा फोन आला. सुनेला सातवा महिना लागलाय. म्हणाल्या, "तू त दवाखान्यायवरच पीएचडी करून राह्यला ना? मंग सांग, बायतपन इथंच जवळ करावं का बुलढान्याले न्यावं? डॉक्टर म्हणते, आजलोक एकबी केस बिघडली नाही."

खरं सांगतो, मला लगेच उत्तर देता आलं नाही. डॉक्टर खोटं बोलत असतील असं मला वाटत नव्हतं. अडचण वेगळी होती. ते वाक्य शंभर टक्के खरं असलं तरी त्यावरून उपचार चांगले आहेत की नाहीत, हे जवळपास काहीच कळत नाही. का कळत नाही आणि मग काय मोजायचं, ते आज बघू. आरोग्यसेवेवर संशोधन करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येणारच.

आधी शब्दाची भानगड

संदर्भ शोधताना पहिली ठेच इथेच लागते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटा खाजगी दवाखाना, बहुतेकदा एका डॉक्टरचा किंवा डॉक्टर जोडप्याचा. अमेरिकेत याच शब्दाचा अर्थ म्हातारी, परावलंबी माणसं राहतात ती जागा. तिथल्या सरकारची पाच ताऱ्यांची प्रसिद्ध मानांकन पद्धत आहे, ती या दुसऱ्या प्रकारासाठी. ते निकष उचलून आपल्या प्रसूतिगृहाला लावले तर मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत प्रबंध परत करतील.

आपल्याकडच्या नर्सिंग होमला कायद्याचा आधार १९४९ चा. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणून तो आला, आता त्याच्या नावात ‘महाराष्ट्र’ आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे राज्यात हाच जुना कायदा चालतो. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं त्यात आलं.

डोनाबेडियनचे तीन कप्पे

या विषयात कुठूनही शिरलात तरी अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन हे नाव भेटतंच. १९६६ च्या त्यांच्या लेखात वैद्यकीय सेवेची गुणवत्ता तपासायचे तीन कप्पे आहेत. रचना: इमारत, खाटा, उपकरणं, शिकलेली माणसं. प्रक्रिया: पेशंटसाठी प्रत्यक्षात काय केलं. परिणाम: पेशंटचं पुढे काय झालं.

रचना मोजणं सगळ्यांत सोपं. यादी घ्यायची, बघायचं, टिक करायची. महाराष्ट्रातलं याचं ठळक उदाहरण म्हणजे ‘सेहत’ संस्थेचा १९९७ चा अभ्यास. सुनील नंदराज आणि रवी दुग्गल यांनी सातारा जिल्ह्यातले दोन तालुके घेऊन, एक विकसित आणि एक मागे पडलेला, तिथल्या खाजगी दवाखान्यांच्या भौतिक सोयी तपासल्या. खाजगी क्षेत्राबद्दल तोवर नुसतं बोललं जायचं, त्यांनी दारात जाऊन मोजलं. हा अभ्यास मिळवून वाचाच.

पण रचना म्हणजे काय करता येईल एवढंच. ऑक्सिजन सिलिंडर कोपऱ्यात उभा आहे. तो भरलेला आहे का, पाना कुठे आहे, रात्री दोनला तो लावता येणारं कुणी हजर आहे का, हे यादीत येत नाही.

शून्याची फसवणूक

मग थेट परिणामच का मोजू नयेत? शेवटी महत्त्वाचं तेच ना?

एक काल्पनिक नर्सिंग होम घेऊ. १० खाटा, वर्षाला २०० बाळंतपणं. नमुना नोंदणीच्या २०१८-२० च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होतात. या दराने आपल्या नर्सिंग होममध्ये एक मृत्यू साधारण १५ वर्षांतून एकदा अपेक्षित आहे. म्हणजे वर्षभर शून्य मृत्यू ही चांगल्या दवाखान्याचीही गत, आणि बऱ्याच वाईट दवाखान्याचीही.

किती वाईट? इथे एक सोपा नियम कामी येतो. जेम्स हॅन्ली आणि अ‍ॅबी लिपमन-हँड यांनी १९८३ मध्ये तो डॉक्टरांसाठी समजावून सांगितला. पाहिलेल्या केसेसमध्ये घटना शून्य असेल, तर ३ ला केसेसच्या संख्येने भागा. खरा दर ९५ टक्के खात्रीने त्या आकड्याच्या आत असतो.

आपल्याकडे ३ भागिले २०० म्हणजे दीड टक्का. लाखामागे १५००. राज्याच्या दराच्या ४५ पट! ‘वर्षभरात एकही दगावली नाही’ या वाक्यात एवढी मोठी शक्यता दडून बसू शकते. पाच वर्षांचा डेटा घेतला तरी वरची मर्यादा लाखामागे ३०० वर येऊन थांबते. तुमची पीएचडी संपेल, शून्य बोलायचं नाही.

रेफर झालेली केस कुणाच्या खात्यात?

दुसरी गोची भूगोलाची. अमडापूरसारख्या गावात अवघड झालेली केस शेवटपर्यंत गावात राहत नाही. ती चिखलीला जाते, तिथून बुलढाण्याला, कधी अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला. तिथे काही वाईट झालं तर नोंद त्या मोठ्या दवाखान्याच्या रजिस्टरात. छोट्याची पाटी कोरी, मोठ्याची काळी.

उलटही घडतं. वेळेवर रेफर करणारा डॉक्टर उत्तम काम करत असतो, पण ‘किती केसेस पाठवल्या’ हा निकष लावला तर तोच वाईट ठरतो. म्हणून परिणाम मोजायचेच असतील तर दाराबाहेर गेलेल्या प्रत्येक केसचा माग काढा, बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत. मातामृत्यूच्या व्याख्येतली मुदत तीच आहे. रेफर करायचं ठरलं ती वेळ, गाडी निघाली ती वेळ, आणि सोबत चिठ्ठी होती की नाही, या तीन नोंदींतूनच बरंच कळतं.

मग प्रक्रिया मोजा, पण डोळे उघडे ठेवून

मृत्यू १५ वर्षांतून एकदा होईल, पण रक्तदाब प्रत्येक बाईचा मोजायचा असतो. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन प्रत्येकीला द्यायचं असतं. प्रक्रिया मोजण्याचा फायदा हाच. समजा तुम्ही ६० बाळंतपणं पाहिली आणि ४२ जणींचा रक्तदाब दाखल होताना मोजला गेला. म्हणजे ७० टक्के, आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ५८ ते ८२. अंदाज ढोबळच, पण दर तिसऱ्या-चौथ्या बाईचा रक्तदाब घेतला जात नाही हे नक्की कळलं. त्यावर उद्यापासून काम करता येतं.

आता दोन इशारे.

पहिला, तुम्ही बघताय म्हणून माणसं नीट वागतात. टांझानियातल्या अरूशा भागात केनेथ लेनर्ड आणि मेल्किओरी मसाटू यांनी हे मोजलं. संशोधक येऊन बसला की डॉक्टरांचं काम एकदम सुधारलं, आणि १० ते १५ पेशंटनंतर पुन्हा मूळ पातळीवर आलं. म्हणून पहिल्या काही केसेसवर निष्कर्ष काढू नका, दवाखान्याला तुमची सवय होऊ द्या.

दुसरा, प्रक्रिया सुधारली म्हणजे जीव वाचलेच असं नाही. उत्तर प्रदेशात २४ जिल्ह्यांतल्या १२० केंद्रांवर सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी-यादीचा मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. दोन महिन्यांनी जिथे यादी आणि प्रशिक्षक होते तिथे आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के होत होत्या, इतरत्र ४२ टक्के. बारा महिन्यांनी हेच आकडे ६२ आणि ४४. म्हणजे प्रशिक्षक गेल्यावर निम्म्याच्या आसपास फायदा ओसरला. माता आणि बालमृत्यूंत मात्र दोन्हीकडे फरक दिसला नाही. यावरून प्रक्रिया मोजणं सोडायचं नाही. निवडलेली कृती जीव वाचवण्याशी खरोखर जोडलेली आहे का, आणि ती करायला लागणारं कौशल्य व साधनं तिथे आहेत का, हे प्रत्येक निर्देशकाला विचारायचं.

‘चांगलं बोलले’ म्हणजे चांगले उपचार?

समाधानाची प्रश्नावली तुम्ही घ्यालच. घ्या, पण दवाखान्याच्या दारात घेऊ नका. ज्या डॉक्टरकडे उद्या पुन्हा जायचंय त्याच्याबद्दल त्याच्याच ओट्यावर कोण वाईट बोलेल? घरी जाऊन, दोन-तीन आठवड्यांनी विचारा. आणि ‘समाधानी आहात का?’ असं विचारू नका, घडलेलं विचारा. काय झालंय ते सांगितलं का? तपासताना पडदा होता का? सिझर का करायचं, हे सहीच्या आधी कळलं का? बिल किती होईल याची कल्पना दिली होती का? समाधानाला ‘हो’ म्हणणारी बाई या प्रश्नांवर थांबते. तिथेच खरा डेटा असतो.

तुमच्या आराखड्यासाठी थोडक्यात

- एकाच नर्सिंग होमचा अभ्यास असेल तर मृत्युदर हा मुख्य निर्देशक ठेवू नका.
- पाच-सहा प्रक्रिया निवडा, प्रत्येकीचा छेद स्पष्ट लिहा: ‘कितींपैकी किती’.
- रजिस्टर आणि प्रत्यक्ष पाहणी दोन्ही घ्या. दोन्हींतली तफावत हासुद्धा निष्कर्षच.
- नैतिक समितीची मंजुरी आधी. छोट्या गावात ‘डॉक्टर अ’ लिहून ओळख लपत नाही, तालुका लिहिला तरी सगळ्यांना कळतं.
- डोळ्यांसमोर धोका दिसला तर तुम्ही काय करणार, हे आराखड्यातच लिहा. त्या क्षणी ठरवायला वेळ नसतो.

काकूंना काय सांगितलं?

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. "काकू, किती केसेस बिघडल्या ते विचारू नका. हे विचारा: रात्री शिकलेली नर्स असते का? रक्त लागलं तर कुठून आणि किती वेळात येतं? सिझरची वेळ आली तर भूल देणारे डॉक्टर किती वेळात पोचतात? बाळ रडलं नाही तर श्वास द्यायला कोण असतं? आणि न्यायची वेळ आली तर गाडी कोणती, न्यायचं कुठे?"

काकूंनी नातवाकडून पाचही प्रश्न वहीत लिहून घेतले. मग म्हणाल्या, "हे त पुसाले सोपं आहे, पन डॉक्टरले राग येईन ना?"

हा प्रश्न मात्र माझ्या प्रश्नावलीत नव्हता. आता घातलाय: ‘डॉक्टरांना प्रश्न विचारताना भीती वाटली का?’ आतापर्यंतच्या मुलाखतींत सगळ्यांत लांब उत्तरं याच प्रश्नाला मिळतायत.