चेतापेशीचा जन्मदाखला

जन्मतः मिळालेल्या चेतापेशींवरच सस्तन प्राण्याला आयुष्य काढावं लागतं, गेलेली पेशी परत मिळत नाही, असं पाठ्यपुस्तकं अनेक दशकं सांगत होती. त्यामागे सांतियागो रामोन इ काहाल यांच्या नावाचं वजन होतं. चेतासंस्थेची रचना उलगडल्याबद्दल १९०६ चं नोबेल विभागून मिळालेल्या या स्पॅनिश संशोधकाची नजर विलक्षण होती. पण रंगवलेल्या छेदात पेशी दिसते, तिचं वय दिसत नाही. पुढचा सगळा वाद पेशीचा जन्मदाखला कसा मिळवायचा, याभोवतीच फिरला.

पहिला दाखला किरणोत्सारी होता. पेशी विभागण्याआधी डीएनएची नक्कल करते आणि त्यासाठी थायमिडीन वापरते. जनावराला किरणोत्सारी थायमिडीन टोचलं, तर त्यानंतर जन्मलेल्या पेशी ओळखता येतात. एमआयटीतल्या जोसेफ ऑल्टमन यांनी १९६२ मध्ये प्रौढ उंदरांच्या मेंदूत अशा खुणा दाखवल्या. १९६५ मध्ये गोपाल दास यांच्यासह त्यांनी स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्येही जन्मानंतर चेतापेशी तयार होतात, हे मांडलं. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. खूण असलेली पेशी चेतापेशीच कशावरून, ही शंका राहिली. १९८५ मध्ये पाश्को राकिच यांना प्रौढ ऱ्हीसस माकडांत नव्या चेतापेशी आढळल्या नाहीत, तेव्हा जुन्या मताला पुन्हा बळ आलं. मात्र त्याच सुमारास फर्नांडो नॉटेबोम प्रौढ कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी दाखवत होते.

या पेशी येतात कुठून? कॅनडात ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युएल वाइस यांनी १९९२ मध्ये प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या पेशी काचपात्रात वाढवल्या. त्या विभागत राहिल्या आणि त्यांच्यातून चेतापेशीही निघाल्या. इथे दोन प्रकारच्या पेशी वेगळ्या ठेवायला हव्यात. मूलपेशी स्वतःसारखी पेशीही घडवते आणि वेगळीही. जनकपेशी काही वेळा विभागून ठरावीक वळणाला लागते. १९९९ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या पार्श्वनिलय या पोकळीच्या भिंतीतल्या मूलपेशी म्हणजे चक्क तारापेशींचाच एक प्रकार असल्याचं दिसलं. चेतापेशींच्या मदतनीस मानल्या गेलेल्या पेशींकडेच त्यांचं मूळ निघालं! तिथे जन्मलेल्या कोवळ्या पेशी पुढे सरकत वासाशी निगडित गंधकंदापर्यंत जातात.

माणसाला मात्र खुणेची अशी इंजेक्शनं देणार कोण? १९९८ मध्ये पीटर एरिकसन आणि फ्रेड गेज यांनी अशा कर्करुग्णांचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, ज्यांना उपचारांदरम्यान ब्रोमोडीऑक्सियुरिडीन हे खूण करणारं रसायन दिलेलं होतं. हिप्पोकॅम्पसमध्ये खुणा असलेल्या चेतापेशी सापडल्या. दुसरा दाखला अणुचाचण्यांनी दिला. शीतयुद्धातल्या चाचण्यांनी हवेत कार्बन-१४ वाढला, १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर तो घटत गेला, आणि प्रत्येक पेशीच्या डीएनएत तिच्या जन्मकाळाचं प्रमाण नोंदलं गेलं. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २०१३ मध्ये त्यावरून प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशी येत असाव्यात, असा हिशेब मांडला. याच पद्धतीने पाहिलं, तर माणसाच्या गंधकंदात प्रौढपणी जवळपास काहीच भर पडत नाही. उंदराचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, तो यासाठी.

२०१८ मध्ये वाद पुन्हा पेटला. एका गटाला माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बालपणानंतर नव्या चेतापेशी जवळपास दिसल्याच नाहीत. काही आठवड्यांतच दुसऱ्या गटाला त्या सत्तरी ओलांडलेल्यांतही दिसल्या. पुढच्याच वर्षी माद्रिदच्या संशोधकांनी दाखवलं, की ऊतक रसायनात फार काळ राहिलं तर कोवळ्या पेशी ओळखण्याचं प्रथिनच दिसेनासं होतं. २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्या गटाने एकेका केंद्रकातला आरएनए वाचून प्रौढांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये विभागणाऱ्या जनकपेशी दाखवल्या; व्यक्ती-व्यक्तींतला फरकही मोठा होता.

तरीही ‘पेशी आहेत’ आणि ‘इजा भरून निघते’ यांत मोठी दरी आहे. उंदराच्या मज्जारज्जूला इजा झाली की तिथल्या सुप्त पेशी जाग्या होतात. पण त्यांच्यातून प्रामुख्याने तारापेशी बनतात, तुटलेले मार्ग जोडणाऱ्या चेतापेशी नाहीत. आपल्याकडे मूलपेशींच्या नावाने अर्धांगवायूवर उपचार विकले जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही ठरावीक, मुख्यतः रक्ताच्या विकारांखेरीज असा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. अशी जाहिरात समोर आली, तर दोन प्रश्न विचारावेत: टोचलेल्या पेशीची चेतापेशी झाली, हे कशावरून? आणि ती योग्य पेशीशी जोडली गेली, याचा पुरावा काय?