इंजिन ‘बसवणे’ म्हणजे काय?

‘इंजिन बसवणे’ हा शब्द आपल्या भागात लहानथोरांच्या तोंडी आहे. विहिरीवर इंजिन बसवतात, पिठाच्या गिरणीला बसवतात, जुन्या जीपमध्ये दुसऱ्या गाडीचे बसवतात. म्हणूनच ऑगस्ट २०२१ मध्ये फुलसावंगीची बातमी आली, तेव्हा सर्वांच्या बोलण्यात तोच शब्द आला. फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातले गाव. आपल्या वाशीमहून पुसदमार्गे गेले की फार दूर नाही. तेथील एका तरुणाने, जो पत्र्याची कपाटे नि कूलर बनवण्याचे काम करी आणि ज्याचे शिक्षण आठवीपर्यंतच झाले होते, स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर उभे केले होते. त्याला मारुती ८०० मोटारीचे इंजिन बसवले होते. १० ऑगस्टच्या रात्री जमिनीवरच चाचणी घेताना तो मरण पावला.

मी तेव्हा शाळेत होतो. जो तो म्हणत होता, “मारुतीचं इंजिन बसवलं होतं म्हणे!” कुणी ते कौतुकाने म्हणे, कुणी हेटाळणीने. पण विमानाला इंजिन बसवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगणारा कुणी भेटला नाही. मी कलाशाखेचा विद्यार्थी, यंत्रशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरता. तरीही ते वाचन मित्रांपुढे ठेवावे असे वाटले.

आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांची हयात पाण्याची इंजिने बसवण्यात गेली. त्यांचे मत एका वाक्यात आहे : “पाया पक्का पाह्यजे, बापू. मंग इंजिन कुठी जात नाही.” विहिरीवर ते खरेच आहे. काँक्रीटमध्ये बोल्ट गाडले, की हादरे जमिनीत जिरतात. विमानाची अडचण हीच, की त्याला जमीन नाही. शिवाय पाया म्हणून जे काही कराल, तेही इंजिनाला उचलून न्यावे लागते.

म्हणून पहिला प्रश्न ताकदीचा नसून वजनाचा आहे. बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळते. पुढे जास्त झाले की जू बैलांच्या मानेवर बसते. गाडीवान पोती मागेपुढे सरकवून तोल साधतो. विमानाचा तोलही असाच एका ठरावीक पट्ट्यात राहावा लागतो, आणि लहान विमानात हा पट्टा जेमतेम वीतभर असतो. समजा, ५०० किलोचे विमान आहे आणि नकाशात दाखवले त्याहून २० किलो जड इंजिन तोलबिंदूच्या दीड मीटर पुढे बसवले. तोल सुमारे ६ सेंटिमीटर पुढे सरकतो. वीतभरातले ६ सेंटिमीटर तेथेच संपले. वैमानिक, पेट्रोल, सामान अजून यायचेच आहे! राईट बंधूंनाही हा हिशेब चुकला नव्हता. १९०३ च्या त्यांच्या विमानात सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन मध्याच्या उजवीकडे होते आणि चालक डावीकडे पालथा झोपत असे. इंजिन चालकापेक्षा जड, म्हणून त्यांनी उजवा पंख डाव्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर लांब केला होता.

परदेशात सुट्या भागांचा संच विकत आणून घरीच विमान जोडण्याची पद्धत आहे. अशा विमानात इंजिन सहसा नाकात असते. त्याच्या आणि चालकाच्या मध्ये पोलादी पत्र्याचा एक पडदा असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. इंजिनाने पेट घेतला तर आगीला काही वेळ अडवून धरणे हे त्याचे काम. पडद्याच्या पुढे पोलादी नळ्यांची वेल्डिंग केलेली चौकट येते आणि तिला इंजिन चार ठिकाणी रबराच्या गाद्यांवर टांगलेले असते. अनेक विमानांत ते अगदी सरळही बसवत नाहीत; पंखा फिरताना विमान एका बाजूस ओढले जाते, म्हणून एक-दोन अंश वळवून बसवतात. बोल्ट आवळल्यावर खाचेच्या नटातून स्प्लिट पिन घालतात, नाहीतर तारेने जखडतात. हादऱ्याने नट सैल होणार हे गृहीतच धरलेले असते.

आता मोटारीच्या इंजिनाबद्दल. ते वाईट असते असे मुळीच नाही, मोटारीची इंजिने लावलेली विमाने जगात उडाली आहेत. परंतु दोघांचे आयुष्य निराळे. मोटार रस्त्याने जाते तेव्हा इंजिनाची थोडीशीच ताकद वापरली जाते. विमानाच्या इंजिनाला तासन् तास पाऊण ताकद द्यावी लागते. लायकोमिंग कंपनीचे ओ-३६० हे लहान विमानांचे प्रसिद्ध इंजिन जवळजवळ ६ लिटरचे, पण मिनिटाला २७०० फेऱ्यांतच १८० अश्वशक्ती देते, आणि पंखा थेट त्याच्या दांड्यालाच लावतात. ठिणगीसाठी त्यात दोन स्वतंत्र मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात. बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहते. मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. अशा लहान इंजिनातून ताकद काढायची तर ते ५००० च्या आसपास फिरवावे लागते. दोन मीटर व्यासाचा पंखा त्याच गतीने फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या वर जाईल, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या दीडपट. तेथे पंखा ओढण्याऐवजी नुसता गर्जतो. तेव्हा मध्ये गिअर किंवा पट्टा घालून वेग कमी करणे आले, आणि खरा धोका तेथे सुरू होतो. सिलिंडरमधला प्रत्येक स्फोट दांड्याला एक झटका देतो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत गेले की तो उंच उंच जातो. तसेच एखाद्या गतीला हे झटके दांड्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतात, आणि मग चांगले पोलादही मोडते.

हेलिकॉप्टरमध्ये हे सारे दुप्पट अवघड. एकाच इंजिनाने डोक्यावरचा मोठा पंखा फिरवायचा आणि लांब दांड्याने शेपटीचाही. शेपटीचा नसेल तर हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरेल. फुलसावंगीला, बातम्यांत आले त्याप्रमाणे, तुटले ते इंजिन नव्हे. शेपटीचे पाते तुटून मोठ्या पंख्यावर आदळले आणि त्याचा घाव आत बसलेल्या त्या तरुणाच्या डोक्यावर आला. इंजिन तर चालत होते! बसवण्याचे काम त्याने केलेच होते. म्हणून त्याला वेडा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. वेल्डिंगचा हात असल्याशिवाय तेथवर कुणी पोचत नाही.

नवे इंजिन पहिल्यांदा चालू करण्याचीही एक रीत असते. चाकांना अडण्या लावतात, शेपटी दोराने जमिनीला बांधतात, पंख्याच्या रेषेत कुणालाही उभे राहू देत नाहीत, आग विझवण्याचे नळकांडे घेऊन एक जण तयार असतो. काही मिनिटे चालवून बंद करतात आणि तेल कोठे झिरपते, काय सैल झाले, ते पाहतात. हेलिकॉप्टरची पाती तर माणसाला दूर ठेवून वेगळ्या मनोऱ्यावर फिरवून तपासण्याची पद्धत आहे.

आपल्याकडे दुसरे टोकही आहे. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. विमान बांधणारा स्वतः वैमानिक, राहणार मुंबईचा, तरी इतकी वर्षे. मग खेड्यातल्या कारागिराने कोणत्या दाराशी जावे?

अमेरिकेत १९५३ पासून घरी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना आहे. तिचे अनुभवी सभासद विनामूल्य दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये जाऊन काम पाहतात. सरकारी तपासनीस येतो तो शेवटी. त्यानंतरही प्रवासी बसवण्यापूर्वी साधारण २५ ते ४० तास चाचणीची उड्डाणे करावी लागतात. पण हा सभासद त्याच्या कितीतरी आधी, इंजिनावरचे झाकण लावण्यापूर्वी येतो. त्याच्याजवळ टॉर्च असतो आणि काडीला लावलेला छोटा आरसा. चौकटीच्या मागच्या, हात न पोचणाऱ्या बोल्टाला पिन आहे का, पेट्रोलची नळी तापणाऱ्या धुराड्याला घासते का, हे तो वाकून वाकून पाहतो आणि नसेल तिथे खडूने खूण करतो.