संगणकाचे अंतरंग – लेखांक ८ : जुन्या प्रोसेसरचा वेग वाढवताना

प्रोसेसरमधील घड्याळ-संकेत म्हणजे काय आणि त्याच्या प्रत्येक ठोक्यागणिक गणनेचा एकेक टप्पा कसा पुरा होतो, याचा विचार मागील लेखांकात झाला. हा संकेत कारखान्याने ठरवून दिलेल्या वारंवारतेपेक्षा जलद चालवणे याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रस्तुत लेखांकात उदाहरणासाठी इंटेलचा कोअर आय-फाइव्ह २५००-के हा जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला चार कोअरचा प्रोसेसर घेतला आहे. त्याची मूळ वारंवारता ३.३ गिगाहर्ट्झ असून असे संगणक आजही अनेक ठिकाणी चालू स्थितीत आढळतात.

वेग वाढवण्याला मुळात वाव का असतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. ३.३ गिगाहर्ट्झला दोन ठोक्यांमधील अवधी सुमारे ०.३० नॅनोसेकंद असतो आणि तेवढ्या अवधीत चिपमधील सर्वांत लांबच्या मार्गावरील संकेतानेही आपले ठिकाण गाठणे आवश्यक असते. ते न साधल्यास शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य नोंदले जाते. एकाच सिलिकॉन चकतीतून कापलेल्या चिप्सही या बाबतीत सारख्या नसतात. म्हणून तापलेले कॅबिनेट, सुमार वीजपुरवठा आणि काळानुसार होणारी झीज या सर्वांना पुरून उरेल एवढी सूट ठेवूनच निर्माता वेग जाहीर करतो. ओव्हरक्लॉकिंगमध्ये वापरली जाते ती हीच सूट. आणि जुन्या प्रोसेसरच्या बाबतीत तिचा काही भाग वयाने आधीच खर्च झालेला असतो, हे विसरून चालत नाही.

वारंवारता एका मर्यादेपलीकडे नेली की ट्रान्झिस्टर अधिक चपळपणे उघडझाप करावेत म्हणून व्होल्टेज वाढवावे लागते, आणि खरा खर्च तेथे सुरू होतो. प्रोसेसरच्या उघडझापीत खर्च होणारी वीज वारंवारतेच्या सम प्रमाणात वाढते, परंतु व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, १.२० व्होल्टवरच ३.३ वरून ४.० गिगाहर्ट्झ साधले, तर ही वीज सुमारे २१ टक्क्यांनी वाढेल. पण तेथून ४.४ गाठण्यासाठी व्होल्टेज १.३२ करावे लागले, तर मूळच्या तुलनेत ही वाढ ६१ टक्क्यांवर जाईल. म्हणजेच वेगातील शेवटच्या दहा टक्क्यांसाठी विजेचा, आणि पर्यायाने उष्णतेचा, एक तृतीयांश जादा भार सोसावा लागतो. शिवाय तापमान व विद्युतप्रवाहाची घनता वाढली की चिपमधील सूक्ष्म तारांतील धातूचे अणू इलेक्ट्रॉनांच्या ओघाबरोबर हळूहळू सरकू लागतात. इलेक्ट्रोमायग्रेशन नावाची ही झीज पुन्हा भरून येत नाही.

वेग प्रत्यक्षात वाढवण्याचे मार्ग दोन आहेत, कारण प्रोसेसरची वारंवारता म्हणजे मूळ घड्याळ आणि गुणक यांचा गुणाकार होय. २००७ मधील कोअर टू क्वाड क्यू-६६०० मध्ये २६६ मेगाहर्ट्झ गुणिले ९ असे २.४ गिगाहर्ट्झ होत असत; तेथे गुणक वर नेता येत नसल्याने मूळ घड्याळ ३३३ करून ३ गिगाहर्ट्झ मिळवले जाई, आणि त्यासोबत रॅमचा वेगही सांभाळावा लागे. २५००-के मध्ये १०० मेगाहर्ट्झचे मूळ घड्याळ पीसीआय एक्स्प्रेस व साटा यांच्या घड्याळांशी जोडलेले असल्याने ते जवळजवळ हलवता येत नाही, मात्र नावातील ‘के’ अक्षर सुचवते त्याप्रमाणे गुणक खुला असतो. ३३ चा गुणक ४० केला की ४ गिगाहर्ट्झ होतात. अर्थात त्यासाठी मदरबोर्ड पी६७ किंवा झेड६८ यांसारख्या चिपसेटचा लागतो. एच६१ किंवा एच६७ वर ही सोय नाही.

हे बदल ज्या बायोसमध्ये करायचे, त्यात शिरण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, हीटसिंकमधील धूळ काढावी, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी, मदरबोर्डवरील एखादा कॅपॅसिटर फुगलेला नाही ना हे पाहावे आणि एसएमपीएस भरवशाचा असल्याची खात्री करावी. यांपैकी कशातही खोट आढळल्यास ती दूर होईपर्यंत वेगाला हात लावू नये. नंतर व्होल्टेज ‘ऑटो’ वर न सोडता हाताने स्थिर करावे, कारण ‘ऑटो’ मध्ये अनेक मदरबोर्ड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतात. त्यानंतर गुणक एकेकाने वाढवून दर पायरीला प्राइम९५ सारख्या प्रोग्रॅमने पूर्ण भाराची चाचणी घ्यावी. हा प्रोग्रॅम स्वतःच्या गणनेची उत्तरे ज्ञात उत्तरांशी पडताळतो, त्यामुळे संगणक बंद न पडताही होणारी मूक चूक त्यात उघडकीस येते. डिस्कवरील माहिती नकळत बिघडवणारी हीच चूक सर्वांत घातक असते. चूक दिसताच गुणक एक-दोन पायऱ्यांनी खाली आणावा आणि तेथे काही तासांची चाचणी निर्दोष पार पडल्यावरच तो वेग कायम करावा. संगणक सुरूच झाला नाही, तर मदरबोर्डवरील सीमॉस पुसण्याच्या जंपरने मूळ मांडणी परत आणता येते.

पूर्ण भाराखाली तापमान ८० अंश सेल्सिअसच्या आत राखणे हे सावध धोरण ठरते. ते शंभराच्या जवळ गेल्यास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि मग वाढवलेल्या वेगाला काही अर्थ उरत नाही. हीटसिंक उष्णता खोलीतील हवेत सोडत असल्याने हवेचे तापमान जितके चढते, जवळपास तितकेच प्रोसेसरचेही चढते. म्हणून थंडीत घेतलेली चाचणी विदर्भातील मे महिन्यासाठी ग्राह्य धरता येत नाही.

यावरून जुन्या संगणकापुरता नियम असा निघतो की, मूळ व्होल्टेजवर जेथवर चाचणी निर्दोष पार पडते, तेथवरचा वेग घ्यावा आणि व्होल्टेज वाढवण्याची पाळी येताच थांबावे. त्यापलीकडचा वेग प्रोसेसरच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होत असतो. रॅमचा वेग आणि प्रोसेसरचा वेग यांचा परस्परांशी असलेला संबंध पुढील लेखांकात पाहावयाचा आहे.